माकुलाची तीन काळजं

आधीच सांगून टाकतो, माझी माहिती खरी होती. माकुल म्हणजे कोळणीच्या पाटीत पांढरं, लिबलिबीत पडलेलं असतं ते. त्याला तीन काळजं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं. हे मी कुठल्या पानाच्या गादीवर ऐकलेलं नाही. ग्रंथालयात बसून, दोन जाड पुस्तकं ताडून, खातरजमा करून वहीत उतरवलेलं आहे. अशा माझ्या चौदा वह्या आहेत. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा, जिराफाच्या एवढ्या लांब मानेत माणसाइतकीच सात हाडं, मधमाशीला पाच डोळे, सगळं खरं, सगळं तपासलेलं. तरीही पोलादपूरच्या वर डोंगरात एका वाडीनं चारचौघांत मला नारळ फोडायला लावला. गेल्या शिमग्यातली गोष्ट. संताप अजून उतरलेला नाही. कुणावर आहे, एवढंच हल्ली नीट सांगता येत नाही.

वाडीचं नाव लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणी बघायला गेलं आणि मी लिहिलंय तसं दिसलं नाही, तर दुसरा नारळ माझ्याच नावावर पडायचा.

जायचं कारण बाळाराम. आमच्या कचेरीत तो गेली वीस वर्षं शिपाई आहे. दुपारी डबे उघडले की मी वहीतलं एखादं नवल सांगतो. बाकीचे "काहीतरीच हं!" म्हणून लोणच्याकडे वळतात. बाळाराम तेवढा चहाची किटली हातात धरून शेवटपर्यंत ऐकतो. माकुलाचं नवल त्यानं दोन वर्षांपूर्वी ऐकलं आणि पुढच्या शिमग्याला गावी जाऊन सांगितलं. पुढे काय झालं ते मात्र वर्षभर लपवलं. यंदा शिमगा जवळ आला तेव्हा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, तुमच्या माकुलानं माझा खांदा गेला."

मला वाटलं, हाड मोडलं. तसं नव्हतं. त्यांच्या वाडीत शिमग्याला देवीची पालखी निघते. पुढचा डावा खांदा पिढ्यान्‌पिढ्या बाळारामच्या घराचा. त्याचा बाप म्हातारपणी कमरेत वाकला होता, तरी पालखीखाली सरळ व्हायचा म्हणे. पालखी उठायच्या आधी एक रिवाज असतो. मुंबईहून, पुण्याहून, कुठूनही बाहेरून आलेल्या प्रत्येकानं सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या दगडी ओट्यापाशी, उभं राहून एक नवल सांगायचं. ते गावाला पटलं तर सगळे ओरडतात, "हाय!" नाही पटलं तर "नाय!" नाय झालेल्यानं नारळ फोडायचा, आणि पुढच्या शिमग्यापर्यंत गावकीत त्याचा शब्द धरायचा नाही, त्याला खांदा द्यायचा नाही. लागोपाठ दोन वर्षं नाय झालं तर खांदा कायमचा शेजारच्या घरी जातो.

"मी माकुलाचं सांगितलं, नाय झालं. यंदा परत तेच सांगायचं हाय. तुम्ही येऊन बोललात तर बरं होईल."

"दुसरं काहीतरी सांग की! शहामृग सांग."

"तसं नाय चालत साहेब. जे नाय झालं तेच हाय करून दाखवायचं, नायतर गप बसायचं. गप बसलो तरी नायच."

मी तडकलोच. सत्य काय मतं मोजून ठरवायचं? हा काय प्रकार आहे? घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "जा, जा. तुमची माहिती ऐकायला अख्खं गाव बसणार असेल तर ही संधी परत येणार नाही." हे प्रोत्साहन नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

महाड

एसटीत दासगाव मागे पडलं, सावित्री नदीचं पाणी उन्हात चकाकायला लागलं, तेव्हा शेजारच्या प्रवाशाला मी सहज शहामृगाच्या डोळ्याबद्दल सांगितलं. तो उठून मागच्या बाकावर जाऊन बसला. काय माणसं असतात! ज्ञान फुकट मिळतंय तर तेही नको.

महाडला उतरलो. औद्योगिक वसाहतीची पाळी सुटलेली होती, मोटारसायकलींची रांग संपता संपेना, आणि हवेला कसलासा औषधी वास. पोलादपूरच्या गाडीला दीड तास होता. मला युक्ती सुचली. पुस्तक वाडीला पटत नाही ना? मग स्वतःच्या डोळ्यांनी बघून जाऊ. मी बाळारामला म्हटलं, "चल मासळीबाजारात."

मी जन्मात मासळीबाजारात पाय ठेवलेला नाही. नाकाला रुमाल लावून, धोतर नसतानाही धोतर सावरल्यासारखा चालत मी एका कोळणीपुढे उभा राहिलो. दासगावकडची होती. पाटीत माकुल होतं.

"मावशी, हे जरा हळूहळू कापाल का? मला आतलं बघायचंय."

"आतलं कशाला? आतलं टाकायचं अस्तं."

"त्याला तीन काळजं असतात. ती बघायची आहेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाळारामकडे. "यांना ऊन लागलंय काय रे?"

"मावशी, शास्त्र आहे ते!"

"आसंल बाबा शास्त्र. माझा धंद्याचा टाइम हाय." तिनं माकुल उचललं, मुंडकं धरून एक हिसका दिला आणि आतला सगळा ऐवज बाहेर ओढला. त्याबरोबर शाईची पिशवी फुटली. माझा पांढरा सदरा छातीपासून पोटापर्यंत काळा. "हां, घ्या आता. काळीज, कलेजा, काय पायजे ते निवडा."

आजूबाजूच्या चार जणी खिदळल्या. मी खाली वाकून बघत होतो. काळा रबरबाट, त्यात काहीतरी पांढरट, काहीतरी पिवळट. तीन सोडा, एक काळीज धड ओळखू येईना. आणखी जवळून बघणार तोच तिनं तो सगळा गोळा कुत्र्यापुढे फेकला. म्हणजे शास्त्राचा पुरावा महाडच्या कुत्र्यानं खाल्ला! माकुल बाळारामनं पिशवीत टाकून घेतलं. मला म्हणाला, "जाऊ द्या साहेब, डाग निघंल." डागाचं मला काही नव्हतं. मला बघायचं होतं ते दिसलं नव्हतं.

पोलादपूर आणि तिथून वर

पोलादपूरला गाडी बदलली, फाट्यावर उतरलो आणि चढायला लागलो. फाल्गुनात डोंगरावरचं गवत वाळून इतकं गुळगुळीत झालेलं असतं, की दोन पावलं वर आणि एक खाली. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेली वाट मी एक चप्पल पायात आणि एक हातात धरून चढलो. मागून डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या दोन बायका आल्या आणि "जपून रे भाऊ" म्हणत भराभर वर निघून गेल्या.

वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं, उतारावर एकाखाली एक. प्रत्येक घरापुढे गोठा, आणि प्रत्येक घरातला निदान एक माणूस मुंबईत. शिमग्यासाठी सगळे आलेले, त्यामुळे अंगणात लुगडी वाळत होती तशा जीनच्या पँटीही. आमच्याकडे ठाण्याला होळी म्हणजे गॅलरीतून फुगे मारायचे, पुरणपोळी खायची आणि दुसऱ्या दिवशी कचेरी. इथे पाच-सहा दिवस दुसरा विषय नाही. बाळारामच्या बायकोनं, शेवंतावहिनींनी, तांदळाची भाकरी आणि कडव्या वालांचं बिरडं वाढलं. ते बिरडं मी तीनदा मागून घेतलं, हे कबूल करतो. राग आपल्या जागी, बिरडं आपल्या जागी.

बिरडं जिरेपर्यंत मात्र स्वस्थता मिळाली नाही. धाकूबाबा भेटायला आले. हे गावकीतले सगळ्यांत थोरले, डोक्याला पांढरं मुंडासं, डोळे घारे. सहाणेवर शेवटचा शब्द त्यांचा. मी विचारलं, "बाबा, पृथ्वी गोल आहे हे तरी मानता का?"

"मानतो की."

"पाहिलीत?"

"नाय."

"मग?"

"मग काय? मानतो. पण सहाणेवर सांगत नाय."

मी बोलायला तोंड उघडलं, पण ते शांतपणे पुढे बोलत राहिले. पूर्वी मुंबईला गेलेला गडी वर्षानं परतायचा. वाडीनं मुंबई बघितलेली नसायची. कुणी सांगायचं, मी मुकादम झालो. कुणी सांगायचं, तुझा पोरगा तिथं मजेत हाय. आणि तो पोरगा मरून महिना झालेला असायचा. तेव्हापासून सहाणेवर एकच विचारायचं ठरलं: बघितलंस?

"आणि तिथं कोण सायेब नाय. सगळ्यांना 'तू'च बोलायचं. राग धरू नका."

मी म्हटलं, राग कसला. खरं तर तोवर कानशिलं तापली होती. तर्क काय, प्रमाण काय, ग्रंथ काय, यांना कशाचीच किंमत नाही!

म्हैस

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतावहिनी धार काढत होत्या. मी ओट्यावर बसून त्यांना जिराफाच्या मानेचं सांगत होतो. दोन्ही पोरांना न्हाऊमाखू घालायचं बाकी, पालखीचं ताट सजवायचं बाकी, तरी बाई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आसंल. म्हशीला वरचे दात नस्तात तसं."

"काय?"

"वरचे. म्होरचे दात. म्हशीला नस्तात, गायला नस्तात."

"वहिनी, काहीतरीच! गवत खाणारं जनावर, त्याला दात नसतील तर तोडेल कशानं? पन्नास वर्षं मी म्हशीचं दूध पितोय."

"दूध प्यालात. तोंड कुठं बघितलंत?"

मी हसलो. अगदी कचेरीतल्या त्या 'काहीतरीच हं' म्हणणाऱ्यांसारखा हसलो असणार, हे आता लक्षात येतं. बाई उठल्या, माझं मनगट धरलं, म्हशीचा ओठ वर केला आणि माझी बोटं आत घातली. गरम, ओलं, खरखरीत. वर दात नाहीतच! नुसता घट्ट, कातड्यासारखा हिरडीचा पट्टा. खाली दात ओळीनं, वर काही नाही. म्हशीनं माझी बोटं चाटली आणि फुर्रर केलं, ते सगळं चष्म्यावर.

चौदा वह्या भरल्या आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती! रोज सकाळी ज्याचं दूध चहात घालतो त्या जनावराची. मला इतका राग आला, की मी म्हशीकडेच डोळे वटारून पाहिलं. वहिनींना म्हटलं, "हेच आज सहाणेवर सांगतो. हे बघितलंय मी!"

"हासंल गाव तुम्हाला," त्या म्हणाल्या. "यात काय नवल? हे तर हायच." मग धारेचं भांडं उचलता उचलता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, तेवढं माकुलाचं होऊ द्या. वरीसभर, सुटीवर आले की, ते गावकीत बसतात, पर कोण त्यांना इचारीत नाय. घरी आले की भाताला बसून नुस्ते ढवळीत बसतात."

हे बाळारामनं मला सांगितलं नव्हतं.

सहाण

उन्हं उतरायला लागली तसे लोक सहाणेभोवती जमले. पालखी सजून ओट्यावर. खांदेकरी बाजूला उभे. बाळाराम त्यांच्यात नव्हता, जरा दूर आंब्याखाली होता. पण खांद्यावर त्यानं पंच्याची नीट घडी ठेवलेली होती. डाव्या. धुतलेली, पांढरीस्वच्छ.

नवलं सुरू झाली. हॉटेलात काम करणारा एक तरुण उठला. कुत्र्याचा वाढदिवस सांगितला. टोपी घातलेला कुत्रा, केक, मेणबत्ती. "बघितलंस?" "केक मीच नेऊन दिला." "हाय!" पोरं लोळायची बाकी राहिली. मग महाडच्या एका कारखान्यात काम करणारा उठला. म्हणाला, जेवणाचा भोंगा झाला की एक लंगडा कावळा खिडकीत येतो, आणि रविवारी भोंगा नसतो तर येत नाही. "बघितलंस?" "तीन वर्सं रोज बघतोय." "हाय!"

मी दात-ओठ खात बसलो होतो. लंगडा कावळा चालतो! कुत्र्याची टोपी चालते! आणि शरीरशास्त्र चालत नाही!

"बाळारामचं कोण बोलणार?" धाकूबाबांनी विचारलं.

मी उठलो. शाईचा डाग असलेला सदरा बदललेला नव्हता, मुद्दामच. माकुलाची तीन काळजं सांगितली. निळं रक्त सांगितलं. काय बोललो ते उत्तम बोललो, यात शंका नाही. धाकूबाबांनी घारे डोळे माझ्यावर रोखले.

"बघितलंस?"

मी आंब्याखाली पाहिलं. बाळाराम माझ्याकडे बघत नव्हता. खांद्यावरची घडी हातानं सारखी करत होता.

"बघितलं," मी म्हणालो. "कालच. महाडच्या बाजारात कोळणीनं कापून दाखवलं. हा बघा डाग."

"किती काळजं?"

"तीन."

जरा कुजबूज झाली. मग एक, मग चार, मग सगळे: "हाय! हाय!" काय सांगू, माझी छाती फुगली. अखेर सत्य जिंकलं! धाकूबाबांनी हात वर केला. "बाळाराम, ये. खांदा घे."

बाळाराम जागचा हलला नाही.

"नाय," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की मागच्यांना ऐकू आला नाही. त्यानं परत सांगितलं. "नाय बघितलं साहेबांनी. मी होतो तिथं. कोळणीनं सगळं काढून कुत्र्याला टाकलं. काळीज दिसलं नाय. एकबी नाय."

असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. अरे, कुणासाठी आलो मी? कुणासाठी डोंगर एका चपलेनं चढलो? तुझा खांदा हातात आला होता की रे, गाढवा! तुझ्या बापाचा खांदा! आता हा दुसऱ्यांदा नाय होणार आणि जन्माचा जाणार. गर्दीत शेवंतावहिनी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

धाकूबाबा माझ्याकडे वळले. "काय रे? यो बोलतो ते खरं?"

काय करणार? "खरं," मी म्हणालो. आणि मग माझा तोल सुटला, मी अक्षरशः ओरडलो, "पण गोष्ट खरी आहे! माकुलाला तीन काळजं असतात! शंभर टक्के असतात! तुम्ही माना, नका मानू, असतातच!"

"आसतील," धाकूबाबा म्हणाले. त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "तू शिकलेला हायस, तुला ठावं. गोष्ट खरीच आसंल." मग खरोखरच कळत नसल्यासारखं, लहान पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग खोटं कशाला बोललास रे?"

वाडीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पन्नाशी उलटलेल्या मला सहाणेवर उभं करून एका म्हाताऱ्यानं तू म्हटलं, याचाही राग मला आणता येईना.

नारळ माझ्या हातात दिला. मी फोडला. तोही पहिल्या फटक्यात फुटला नाही.

धाकूबाबा आंब्याकडे बघत राहिले होते. "गेल्या साली इचारलं तवा यो बोलला, नाय बघितलं. यंदा खांदा आयता देत होतो, तरी बोलला नाय बघितलं," ते म्हणाले. "याचं नाय बी खरं हाय. काय बोलता?"

"हाय!" सगळी वाडी ओरडली.

बाळाराम आला, डावा पुढचा दांडा त्यानं खांद्यावर घेतला आणि पालखी उठली. मी त्याच्या बाजूनं चालत होतो. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मी त्याच्यावर अजून चिडलेला होतो. थोडं पुढे गेल्यावर तो वाकून हळूच म्हणाला, "साहेब, रागावलात?" मी म्हटलं, "गप चाल. पालखी हलतेय." माझ्याच नारळाचं खोबरं प्रसाद म्हणून माझ्या हातावर पडलं. गोड निघालं.

परत

घरी आल्यावर चौदाही वह्या काढल्या. जे जे स्वतः पाहिलंय त्यापुढे खूण करायची ठरवलं. दोन संध्याकाळी बसलो. पहिल्या वहीत एक खूण नाही. दुसऱ्या वहीत नाही. शेवटी चौदाव्या वहीच्या शेवटच्या पानावर नवी ओळ लिहिली: म्हशीला वरचे पुढचे दात नसतात. तिच्यापुढे खूण केली. बायको म्हणाली, "सगळ्या मिळून एकच?" मी वही मिटली.

सोमवारी कचेरीत डबे उघडले तेव्हा मी हे सांगितलं. झालं! एकजात सगळे तुटून पडले. "साहेब, काहीतरीच हं!" "मग म्हैस काय कवळी लावते?" आमचे हिशेबनीस तर हसून हसून ठसका लागेपर्यंत हसले. मी टेबलावर हात आपटला. सगळ्यांना दिसेल अशी बोटं वर केली आणि ओरडलो, "अहो, हात घालून पाहिलंय मी! या हातानं!"

कुणी ऐकायला तयार नव्हतं. दारात बाळाराम चहाची किटली घेऊन उभा होता. त्यानं किटली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"हाय."